अहेरी : पान आपले, माल दुसऱ्याचा

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एसटी अहेरीला पोहोचते. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. आलापल्लीचा सागवान सर्वदूर प्रसिद्ध. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता अहेरीजवळून वाहते, पलीकडे तेलंगण. त्यामुळे इथे मराठी, तेलुगू आणि माडिया या तिन्ही भाषा कानी पडतात.

इथल्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीची वीण हाताने चाचपून भाव करते. मोबाईलवरच्या बाजारात मात्र फोटो आणि नाव एवढाच आधार. बांबूकाम करणाऱ्या एका ताईंनी आम्हाला आपला अनुभव सांगितला. त्यांनी आपल्या वस्तूंचे पान तयार केले, चांगले अभिप्राय मिळवले. मग एका परक्या विक्रेत्याने त्याच पानावर कमी भावाने आपला कच्चा माल लावला. गिऱ्हाइकांच्या शिव्या ताईंच्या नावाला! त्यांनी तक्रार केली, तर 'नमुना आमचाच' अशी उलटी तक्रार झाली आणि पानच बंद पडले.

असे का होते? एका वस्तूला एकच पान, त्यावर अनेक विक्रेते, अशी काही कंपन्यांची रीत आहे. हक्कभंगाची तक्रार आली की स्वतःवर जबाबदारी नको म्हणून कंपनी बहुधा आधी पान बंद करते, चौकशी मागाहून. खोटे बोलणाऱ्याचे तेवढ्यात साधते.

पण कायदा मुका नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आकाश अग्रवाल विरुद्ध फ्लिपकार्ट या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, मूळ विक्रेत्याच्या संमतीवाचून त्याच्या नावाला व फोटोंना असे चिकटू देण्यास अंतरिम मनाई केली. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ चे कलम १४२ आणि कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६० यांखाली निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो. आपण काढलेल्या फोटोवर नोंदणीशिवायही आपला हक्क असतो.

तेव्हा विक्रेत्या बंधू-भगिनींनो, नावाची नोंदणी करा. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. बांबू खरेदीची बिले, मूळ फोटो आणि पहिल्या विक्रीची तारीख एका फाईलीत लावा. परका विक्रेता पानावर दिसताच त्याच दिवशी पडद्याचा फोटो घ्या, एक वस्तू मागवून तिचे बिल जपा आणि तक्रार लेखी करा. आम्ही हिशेबाची कामे करणारी माणसे एवढे खात्रीने सांगतो : कष्ट हातांनी होतात, पण ते आपले आहेत हे कागदच सिद्ध करतो.