घाशीराम बर्लिनला, आपल्या कॅसेटी भंगारात

मंडळी, 'घाशीराम कोतवाल' म्हटलं की आपल्याला नाटक आठवतं. तेंडुलकरांचं, १९७२ चं, जब्बार पटेलांनी बसवलेलं, मोहन आगाशेंचा तो नाना. पण याच नावाचा एक मराठी सिनेमाही आहे. आपल्याकडं कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नाटकाचं शूटिंग का?" नाही हो. सिनेमा. आणि सरळसोट गोष्ट सांगणारा नाही, प्रायोगिक म्हणतात तसला.

१९७६ साल. आणीबाणी चालू. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मंडळींनी एकत्र येऊन 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली. सहकारी म्हटलं की आपल्याला साखर कारखाना नाहीतर दूध संघ दिसतो, इथं सिनेमाची सोसायटी होती. दिग्दर्शक एक नाही, चार: के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. पटकथा तेंडुलकरांचीच. नाना आगाशेच. घाशीराम कोण, तर ओम पुरी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक, आणि तोही मराठी! कॅमेरा पहिल्या रांगेत बसून नाटक बघत नाही, माणसांमधून फिरतो, एकेक शॉट लांबच लांब चालतो. मी पाहिला तो पुण्यातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर. पहिली वीस मिनिटं डोक्यावरून गेली. नंतर मात्र उठावंसं वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. ती डीव्हीडी पुण्यात, मुंबईत तयार झालेली नव्हती. ती बर्लिनची होती.

बर्लिनला 'आर्सेनल' नावाची संस्था आहे. १९६३ मध्ये काही सिनेमावेड्या लोकांनी मंडळ म्हणून सुरू केलेली. बर्लिन महोत्सवात 'फोरम' नावाचा विभाग १९७१ पासून हे लोक चालवत आले. त्यांची एक सवय होती. जगभरातून फोरमला आलेल्या सिनेमांची जर्मन अक्षरं उमटवलेली प्रत ते शक्यतो स्वतःकडं ठेवून घ्यायचे. महोत्सव संपला की सिनेमा परत आणि विषय बंद, असं नाही. पुढं कुणी मागितला तर दाखवता यावा म्हणून. त्या सवयीमुळं 'घाशीराम'ची प्रत तिथं टिकली. इथं तो वर्षानुवर्षं कुणाला धड बघायला मिळत नव्हता, आणि तिकडं डबा व्यवस्थित थंड खोलीत. गेल्या दशकात त्यांनीच ती प्रत डिजिटल केली. पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट, मराठी भाषा, आणि सांभाळली जर्मन माणसांनी.

मला यात एक गंमत वाटते, कडू गंमत. १९८० मध्ये 'घाशीराम' नाटक युरोपात न्यायचं ठरलं तेव्हा इथं केवढा गदारोळ झाला होता! परदेशात आपल्या इतिहासाची बदनामी होणार म्हणून विरोध, इशारे, कोर्टकचेरी. परदेशातल्या लोकांना आपण कसे दिसू, यावर आपल्याला भांडता येतं, आणि जोरात भांडता येतं. पण त्याच नावाच्या सिनेमाची प्रत कुठं आहे, कुणाकडं आहे, यावर एखादा मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता थोडं कोरियाकडं वळतो, कारण हा विषय डोक्यात घुसला तो तिथून. घरातली पोरं कोरियन मालिका बघतात, गाणी म्हणतात, ते वेगळं. मी बोलतोय नाम जून पाइकबद्दल. व्हिडिओ कलेचा बाप म्हणतात त्याला. हा माणूस कोरियातून लहान वयात बाहेर पडला. १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपरटाल गावात त्यानं टीव्हीचे संच मांडून, त्यांच्या पडद्यावरची चित्रं वेडीवाकडी करून प्रदर्शन भरवलं. पुढं न्यूयॉर्क. नाव झालं ते सगळं परदेशात. १ जानेवारी १९८४ ला त्यानं न्यूयॉर्क आणि पॅरिस उपग्रहानं जोडून थेट कार्यक्रम केला, तो कोरियातही दिसला. त्याच वर्षी हा गडी ३४ वर्षांनी मायदेशी परतला.

१९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकच्या वेळी त्यानं तिथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात १००३ टीव्हींचा मनोरा उभा केला. नाव, 'जितके जास्त तितके बरे' अशा अर्थाचं. आपल्या घरोघरी होते ना, मागं मोठं पोट असलेले, काचेच्या नळीचे टीव्ही, तसले १००३. आता टीव्ही म्हटल्यावर तो बिघडणारच. एकेक पडदा काळा पडत गेला आणि २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. आपल्याकडं काय झालं असतं ते मी लिहीत नाही, तुम्ही कॉमेंटमध्ये लिहालच. तिकडं वाद झाला. पाडा, नवे सपाट पडदे लावा, की जुनेच दुरुस्त करा? शेवटी ७३७ संच जुन्याच पद्धतीचे ठेवले, काही दुरुस्त करून तर काही वापरलेले शोधून आणून. उरलेल्या २६६ ठिकाणी नवे पडदे बसवले. सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा पुन्हा लागला. म्हणजे एका सरकारी संग्रहालयानं काही वर्षं टीव्ही मेकॅनिकचं काम केलं. आपल्या जुन्या मोंढ्यातल्या रेडिओ-टीव्हीवाल्या काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मला बोलवायचं ना, माझ्याकडं माळ्यावर अकरा पिक्चर ट्यूब पडल्यात."

कोरियाला सगळं आधीपासून जमत होतं असंही नाही बरं का. १९७४ मध्ये, म्हणजे तिकडंही हुकूमशाही जोरात होती तेव्हा, हान ओक-ही नावाच्या बाईंनी मैत्रिणींना घेऊन 'काइदू क्लब' काढला आणि प्रायोगिक सिनेमे केले. तेही कितीतरी वर्षं अडगळीतच होते. आता जगभर दाखवले जातात. काढून ठेवले होते म्हणून दाखवता येतात, इतकं साधं आहे ते.

आणि ठेवलं नाही की काय होतं? चित्रकार अकबर पदमसींचं उदाहरण घ्या. १९६९ नंतर त्यांनी मुंबईत एक कार्यशाळा चालवली, चित्रकार आणि सिनेमावाले एकत्र. नलिनी मालानी तिथं होत्या, तेव्हा अगदी तरुण. आज त्यांची व्हिडिओ कामं पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रापर्यंत गेली आहेत. पदमसींनी स्वतः दोन छोटे सिनेमे केले. त्यातल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकुलती एक प्रत होती आणि ती हरवली. संपलं. चाळीसहून जास्त वर्षांनी अशीम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीवरून त्या हरवलेल्या सिनेमाबद्दल सिनेमा केला. तो २०१६ मध्ये व्हेनिसला गेला. म्हणजे परदेशात दाखवायला आपण नेलं काय, तर हरवल्याची आठवण.

आता मुंबईच्याच 'कॅम्प' या गटाबद्दल सांगतो, मग आपल्या गावाकडं येतो. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन ही त्यातली मुख्य नावं. २०२० चा नाम जून पाइक पुरस्कार, तोच कोरियातला, या गटाला मिळाला. आपल्या पेपरांत त्याची चार ओळींची बातमीही मी पाहिली नाही. यांचा एक सिनेमा आहे, आखाती समुद्रात मालवाहू जहाजांवर काम करणाऱ्या कच्छ, सिंध, इराणकडच्या खलाशांचा. बराचसा त्या खलाशांनीच मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओंचा, त्यांनीच लावलेल्या गाण्यांसकट. स्टेटसला ठेवतात ना पोरं, तसलेच व्हिडिओ. तो जगभरच्या संग्रहालयांत दाखवला गेला. याच लोकांनी इतरांच्या साथीनं २००८ मध्ये 'पॅड.मा' नावाचं व्हिडिओंचं दफ्तर नेटवर उभं केलं. कापून-जोडून तयार केलेला सिनेमा नाही, कच्चं फुटेज. कुठलं, कधीचं, कोण काय बोलतंय, सगळं खाली लिहिलेलं. कुणीही बघावं.

हे वाचलं तेव्हा मी माझं कपाट उघडून बसलो.

मी डिप्लोमा करून आलो तेव्हा एका केबल चॅनेलवर काम मिळालं. नाव घेत नाही. तिथं रीत अशी की बातमी लागली की त्याच टेपवर पुढचं शूटिंग. टेप महाग, जिल्हा मोठा. अंबडची यात्रा पुसून परतूरची सभा, सभा पुसून मंठ्याची गारपीट. पुढं चॅनेल बंद पडलं आणि उरलेल्या कॅसेटी किलोवर गेल्या. माझ्याकडं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या चौदा मिनी डीव्ही टेप आहेत, बस्स. त्यातल्या तीन २०१२-१३ च्या दुष्काळाच्या. मोसंबीच्या बागा, वाळून काड्या झालेल्या. एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन उभा आहे आणि चार मिनिटं काही बोलत नाही. मी कॅमेरा चालूच ठेवला होता. बातमीत त्यातले सहा सेकंद लागले. आज बघितलं तर बातमीपेक्षा ती चार मिनिटं मोठी आहेत. याला कला म्हणायचं का, मला ठाऊक नाही आणि त्याची घाईही नाही. आधी टेप चालली पाहिजे. दोन टेपांना बुरशी आहे, आणि ती वाचणारा चालू कॅमेरा सबंध जालन्यात शोधतोय.

आणि अगदी अलीकडचं. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्या दिवशी तिथं किती मोबाईल चालू होते! राज्याचं राजकारण त्या संध्याकाळनंतर बदललं, तुम्ही कुठल्या बाजूचे का असेनात. टीव्हीवर तेच ते तुकडे फिरले. पूर्ण, न कापलेले व्हिडिओ कुठं आहेत? गेल्या महिन्यात मी पाच जणांना विचारलं. दोघांचे फोन बदलले, एकाचं कार्ड खराब झालं, एक म्हणाला व्हॉट्सॲपवर होतं, बघतो. एकाकडं आहे. बावीस मिनिटं. त्याची मी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली, खाली तारीख, वेळ, कुठं उभं राहून काढलं ते लिहून.

पुण्याचं फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे, पण ते सिनेमाचं घर. भोकरदनच्या शेतकऱ्याचं फुटेज ते का सांभाळतील? हे काम जिल्ह्यातच व्हायला हवं. लायब्ररीत एक कपाट, दोन हार्ड डिस्क आणि वहीत नोंद करणारा एक माणूस, एवढ्यानं सुरुवात होते.

तर मंडळी, लग्नाचं शूटिंग करणारे, जुने केबलवाले, गणेश मंडळांचे व्हिडिओवाले: तुमच्याकडं १९८१ ला जिल्हा झाल्यानंतरचं जे काही असेल, व्हीएचएस, हाय-एट, मिनी डीव्ही, जुना मोबाईल, ते भंगारात देऊ नका. इनबॉक्समध्ये फक्त एवढं कळवा: काय आहे, कोणत्या सालचं, कुठल्या गावचं. मूळ टेप तुमचीच राहील. आणि कुणाकडं चालू मिनी डीव्ही कॅमेरा असेल तर आठ दिवस उसना द्या, टेप रिवाइंड होतो तेवढा पुरे.