नाकाडा पाहुणा

आमच्या आंबागडच्या बाजूला खोल म्हटलं की चिखल्याची मँगनीजची खाण, आणि मासा म्हटलं की तळ्यातला मरळ नाहीतर शिंगी. एवढ्या भांडवलावर मी कोचीच्या मासळी बंदरात उभी होते. खोल पाण्यातल्या कोळंबीवर गेलेला ट्रॉलर रिकामा होत होता. कोळंबीच्या ढिगातून असा मासा निघाला की त्याचं नाकच आधी दिसलं. लांब, निमुळतं, बोटानं दाबलं तर वाकणारं. डोळे हिरवट. शेपटीचा नुसता चाबूक.

"मुशी का गं?" मी मालवणच्या मैत्रिणीला विचारलं.

"मुशी न्हय गो ती. कल्ल्याचे फटी मोज."

मुशीला एका बाजूला पाच फटी असतात. इथे एकच, तीही झाकणाखाली. म्हणजे हा कायमेरा. हाडांऐवजी कूर्चा, त्यामुळे मुशी-पाकटांचा भाऊबंद खरा, पण घर वेगळं करून कोट्यवधी वर्षं झालेली. तोंड उघडलं तर सुटे दात नाहीत, चावायच्या पट्ट्या. वरचा जबडा कवटीलाच जोडलेला.

लांब नाकवाल्यांच्या तीन प्रजाती. शेपटीच्या खालच्या अंगाला वेगळा गुदपर दिसला, आणि हॅरिओटा व ऱ्हायनोकायमेरा दोन्ही बाद झाल्या. उरली निओहॅरिओटा. मला वाटलं, संपलं काम!

खरी पंचाईत इथून पुढे, तिच्यातली जात ओळखताना. १९३१ साली श्नाकेनबेक यांनी आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या माशावरून वर्णिलेली पिन्नाटा मीटरभराहून मोठी होते आणि केरळच्या खोल पाण्यातही सापडते. १९९६ साली डिडिए आणि स्टेमान यांनी अरबी समुद्राच्या पश्चिम अंगाकडून वर्णिलेली प्युमिला मात्र बुटकी. पुरती वाढली तरी पाऊण मीटरच्या आसपास. आमचा मासाही तेवढाच. मग हे मोठ्या जातीचं पोर की बुटक्या जातीचा बाप्या? पुस्तकातली दोघांचीही चित्रं आमच्या माशाला लागू पडत होती, आणि मला तर ती सारखीच दिसत होती.

मैत्रिणीनं मासा उताणा केला. पोटाच्या परांमागे नराचे दांडे होते, पण आखूड आणि मऊ. मोठ्या नराच्या कपाळावर मादीला धरायला काटेरी आकडी असते. इथे तिचा नुसता उंचवटा. एवढी लांबी होऊनही वयात न आलेला नर, म्हणजे पिन्नाटाचंच पोर.

"आणि मादी असती तर?"

"मगे बस मोजपट्टी घेवन सांजपर्यंत!"