आमचा रहाटपाळणा

संक्रांत जवळ आली की सोलापूरची हवाच पालटते. बाराबंदी घातलेले भक्त, सात नंदीध्वज, सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा आणि मग होम मैदानावरचा गड्डा! इतरांना गड्डा म्हणजे मौज. आमच्या घरी ती सुगी असे. आज्जाने उभा केलेला चार डोल्यांचा लाकडी रहाटपाळणा आमच्या मालकीचा होता. एरवी अण्णा यंत्रमागावर जात; गड्ड्यात मात्र ते मालक!

पाळण्याला वीज नाही, इंजिन नाही. वरून येणारी डोली अण्णा दोन्ही हातांनी खाली ओढीत. वेग धरला की नुसता हात लावून सोडीत. फिरवणे कुणालाही जमेल, थांबवणे अवघड. डोली अलगद जमिनीशी यावी, आतले पोर दचकू नये. आसाला तेल पाजण्याचे काम माझ्याकडे होते.

पुढे विजेचे, दिव्यांचे उंच पाळणे आले. आमच्याकडे तीन-चार वर्षांची गिऱ्हाइके उरली. तीही मोठ्या पाळण्याकडे बोट दाखवून रडत! २०२१ साली करोनामुळे गड्डा भरलाच नाही. परसात पडलेल्या लाकडांना वाळवी लागली.

गेल्या गड्ड्यात मी कॉलेजच्या मित्रांबरोबर होतो. गळ्यात मफलर गुंडाळून अण्णा रिकामी डोली हलवीत उभे होते. “बसा की, बसा!” मी घाईने म्हणालो, “इकडं काही नाही, मौत का कुआँ बघू.” अण्णांनी मला पाहिले. हाक मारली नाही. रात्री घरी आल्यावर एवढेच विचारले, “जेवलास का?”

पावसाळ्यात पाळणा विकला. लोखंड वजनावर गेले, लाकूड सरपणाला. त्याच पैशांतून माझी दुसऱ्या वर्षाची फी भरली.

लायब्ररीत वाचले, फेरिस नावाच्या इंजिनिअरने १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फूट उंच पाळणा उभारला होता. तोही १९०६ साली सुरुंग लावून पाडला आणि भंगारात गेला. आपल्या मुंबईचे, १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्डसुद्धा २०२२ मध्ये बंद पडले. अण्णांना बरे वाटेल म्हणून हे सारे सांगितले. त्यांनी विचारले, “त्या फेरिसचा पाळणा हातानं ओढायचे का रं?”

“नाही, वाफेवर चालायचा.”

“मग ठीक हाय,” म्हणाले, आणि तळहात चोळत बसले.

मित्रहो, तुमच्यापैकी तिघे त्या संध्याकाळी माझ्यासोबत होते. ते मफलरवाले माझे वडील.

एक डोली अण्णांनी विकली नाही. आई तिच्यात कांदे ठेवते.