आमची ट्रॅक्टर-खरेदी

जळकोटास आमचें चौदा एकर शेत आहे. ‘आमचें’ हा शब्द आम्ही भाऊ आजवर मोठ्या सहजतेनें वापरीत आलों. मी नांदेडास शिक्षकी केली. धाकटा बंधु पुण्यास एंजिनियर. दोघेहि वर्षांतून दोनदां गांवीं जाणारे, एकदां उन्हाळ्याच्या सुटींत आणि एकदां भाद्रपदांत महालक्ष्म्यांना. शेत पाहिलें तें थोरल्या बंधूंनीं, आणि २०१६ सालीं ते गेल्यावर आमच्या वहिनींनीं. त्यांची एकुलती कन्या लग्न होऊन सोलापुरास असते. वाड्यांत वहिनी, आमची वृद्ध आत्या आणि गोठ्यांत एक देवणी बैलजोडी, एवढाच काय तो परिवार.

देवणी आणि लाल कंधारी ह्या दोन नामांकित गोवंशांचीं माहेरें आमच्या गांवाच्या दोन्ही अंगांना आहेत; लातूर जिल्ह्यांतील देवणी एकीकडे, नांदेड जिल्ह्यांतील कंधार दुसरीकडे. आमची जोडी शेवरा जातीची, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. २०२४ सालच्या पोळ्याच्या पंधरा दिवस आधीं तींतला एक बैल गेला. उरलेल्याला वहिनींनीं पोळ्याला एकट्यालाच सजविलें. नवी जोडी घ्यावी तर तिची किंमत डोळे पांढरे करणारी. आणि जोडी घेतली तरी तिच्यामागें चालणारा सालगडी कोठून आणावा? तरुण माणसें पुण्याला नाहीं तर हैदराबादेला. तेव्हां त्या वर्षीं महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर, पुरणपोळीची सुस्ती अंगावर असतांनाच, ओसरीवर विषय निघाला कीं आतां ट्रॅक्टर घ्यावा.

आमच्या शिकलेल्या घरांत एखादा विषय निघाला कीं ज्याला त्यांतलें कमी कळतें तो अधिक बोलतो. धाकट्यानें लगेच सांगितलें, “घ्यायचा तर पन्नास अश्वशक्तीचा घ्यावा. काळी जमीन आहे, उद्यां पलटी नांगर लावावा लागेल. लहान ट्रॅक्टर म्हणजे खेळणें.” पुतण्यानें फोनवर चित्रें दाखविलीं. मी गणिताचा शिक्षक. मीं कागद-पेन्सिल घेतली आणि अश्वशक्ति म्हणजे काय येथून आरंभ केला. जेम्स वॅटनें घोड्याचें माप ठरविलें तें असें : एका मिनिटांत तेहेतीस हजार पौंड वजन एक फूट उचलणें, म्हणजे सुमारें ७४६ वॅट. ह्या हिशेबानें बैलांची एक जोडी कष्टानें एका अश्वशक्तीच्या आसपास जाते. मग ज्या शेतांत इतकीं वर्षें एका अश्वशक्तीनें काम झालें, तेथें पन्नास कशाला, असा माझा मुद्दा होता. धाकट्याला तो मास्तरकीचा वाटला.

वहिनी विडे करीत होत्या. त्यांना कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “भावजी, यंदा पेरणीला काय झालें तें सांगूं का?”

त्यांनीं सांगितलें तें असें. बैल थकलेला असल्यामुळें यंदाची पेरणी त्यांनीं भाड्याच्या ट्रॅक्टरनें करावयाची ठरविली होती. सोयाबीनच्या पेरणीसाठीं पाऊण ते एक हात ओल नुसती वरवर दिसून भागत नाहीं. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो आणि मग जमीन वाफशावर यावी लागते. हा वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. गांवांत मोठे ट्रॅक्टर आहेत, पण वाफसा साऱ्यांच्या शेतांत एकाच दिवशीं येतो. वहिनींचा नंबर पांचव्या दिवशीं लागला. तोंवर माळाकडील हलकें रान सुकलें होतें, आणि तेथील उगवण विरळ झाली.

“नांगरटीला मात्र माझें कधींच अडत नाहीं,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यांत दोन महिने मोकळे असतात. आज नाहीं तर आठ दिवसांनीं मोठा ट्रॅक्टर भाड्यानें येतो, एका दिवसांत नांगरून जातो. ज्या कामाला जोर लागतो त्याला घाई नसते. आणि ज्याला घाई असते त्याला जोर लागत नाहीं.”

मीं हातांतली पेन्सिल खालीं ठेवली. आमच्या दोघांच्या वादाचा निकाल ह्या एका वाक्यांत झाला होता. पेरणी, मोगडणी, कापसा-तुरींतली आंतरमशागत, फवारणी आणि घरापर्यंतची वाहतूक हीं सारीं हलकीं कामें. पण तीं त्या-त्या दिवशींच व्हावीं लागतात. अशा कामांना स्वतःचें यंत्र हवें. खोल नांगरटीसाठीं पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्ति खरोखरच लागते, परंतु ती वर्षांतून एकदां, तेव्हां ती भाड्यानें घ्यावी. चौदा एकरांच्या धन्यानें वर्षांतल्या एका दिवसासाठीं बारा महिने हत्ती पोसूं नये.

मग लहान ट्रॅक्टरांची पाहणी सुरू झाली. ज्या वाचकांच्या घरीं असाच विचार चालू असेल त्यांच्या उपयोगासाठीं थोडें सविस्तर लिहितों. लहान ट्रॅक्टरांत सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिला पंधराच्या आसपास अश्वशक्तीचा. महिंद्राचा युवराज किंवा स्वराजचा ७१७ ह्या वर्गांतले. एंजिनाला एकच नळकांडें, गति मागच्या दोन चाकांना. यंत्र साधें, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. एका नळकांड्याच्या एंजिनाला हादरा मात्र स्वभावतःच अधिक. दुसरा वर्ग चोवीस-सत्तावीस अश्वशक्तीचा. जपानी कुबोटाचे लहान ट्रॅक्टर किंवा महिंद्राचा जिवो ह्या वर्गांतले. ह्यांत चारहि चाकांना गति असलेलीं यंत्रें मिळतात. हलकें यंत्र ओल्या काळ्या मातींत फिरतांना मागचीं चाकें जागच्या जागीं घसरूं लागलीं, तर पुढचीं चाकें त्याला ओढून काढतात. जळकोटकडचीं रानें सपाट नाहींत; माथ्याला मुरमाड आणि उताराला चिकट काळीं. तेथें ह्या गुणाचें मोल पैशांत करतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. एंजिनाची अश्वशक्ति आणि मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पी.टी.ओ.ला, मिळणारी अश्वशक्ति ह्या दोन निराळ्या संख्या आहेत, आणि दुसरी नेहमीं पहिलीहून कमी असते. रोटाव्हेटर आणि फवारणी-यंत्र ह्या दुसऱ्या संख्येवर चालतात. तेव्हां दुकानदाराला प्रथम ही संख्या विचारावी, आणि अवजार तिच्या मापाचें घ्यावें. तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर ज्याला पेलतो त्याला सहा फुटी जोडणें म्हणजे वासराच्या मानेवर जूं ठेवणें.

दिवाळीनंतर आम्ही उदगीरला एका दुकानीं गेलों. वहिनींनीं बरोबर तुऱ्हाटीची एक लांब काठी घेतली होती. तिच्यावर विळ्यानें तीन खांचा पाडलेल्या होत्या : एक तुरीच्या दोन ओळींमधील अंतराची, दुसरी बांधाजवळ ट्रॅक्टर वळवायला ठेवतां येईल अशा पट्टीची, आणि तिसरी वाड्याच्या दरवाजाची. विक्रेता आमच्या दोघांशींच बोलत राहिला. कर्ज, हप्ता, वेग. वहिनींनीं काठी चाकांना आडवी लावली, दोन यंत्रें नापसंत केलीं, तिसऱ्यावर चढून बसल्या आणि पायानें क्लच दाबून पाहिला. मग त्यांनीं मला विचारलें, “भावजी, हें मला चालवितां येईल ना?”

त्या क्षणापर्यंत हा ट्रॅक्टर कोण चालविणार ह्याचा विचार आम्हां दोघां सुशिक्षितांपैकीं एकानेंहि केला नव्हता. कोणीतरी गडी ठेवूं, एवढेंच गृहीत धरलें होतें. विक्रेता हंसला. मीहि हंसलों असतों. परंतु वहिनींचा चेहरा हंसण्याजोगा नव्हता. मीं म्हटलें, “शिकलांत तर कां नाहीं येणार?”

घरीं परतल्यावर मीं अर्जाचे कागद पुढें ओढले. कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनेंत त्या वेळीं ट्रॅक्टरसाठीं अनुदान मिळत असे; सर्वसाधारण शेतकऱ्यास एक लाखापर्यंत, आणि महिला, अल्पभूधारक व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस सव्वा लाखापर्यंत. अट तेव्हां एवढीच होती कीं पूर्वसंमति मिळाल्यावरच खरेदी करावी, आणि अर्जासोबत सातबारा व आठ-अ चे उतारे जोडावेत. मी उत्साहानें म्हणालों, “वहिनी, अर्ज तुमच्याच नांवें करूं, पंचवीस हजार अधिक मिळतील.”

त्या म्हणाल्या, “करा कीं. पण सातबाऱ्यावर माझें नांव कोठें आहे, भावजी?”

नव्हतें. बंधु जाऊन आठ वर्षें झालीं होतीं आणि उताऱ्यावर अजून त्यांचेंच नांव होतें. वारस-नोंद करावयाची म्हणजे तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचीं नांवें द्यावयाचीं. गांव नमुना ६-क मध्यें नोंद होते, नोटिशीची मुदत संपते आणि फेरफार मंजूर होतो. काम थोड्या दिवसांचें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवा पत्नी ही पहिल्या वर्गाची वारस. शंकेला जागाच नाहीं. तरी आठ वर्षें तें राहिलें, ह्याचा दोष कोणत्याहि कचेरीकडे जात नाहीं. आम्ही कधीं अर्जच दिला नव्हता. दर महालक्ष्म्यांना ‘करूं, करूं’ म्हणत आलों.

सर्वांत बोचणारी आठवण ही कीं, १९८६ सालीं चांदवडला शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन झालें, आणि पुढें शेतकरी संघटनेनें घरच्या लक्ष्मीच्या नांवें जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालविली, तेव्हां आमचे थोरले बंधु सभेहून येऊन ओसरीवर सांगत, “आपणहि एक एकर हिच्या नांवें करूं.” आम्ही सर्वांनीं माना डोलविल्या होत्या.

धाकटा बंधु त्या रात्रीं अस्वस्थ होता. त्याचें मन वाईट नाहीं, पण तो म्हणाला, “दादा, एक नांव चढलें कीं वाटणी आली. चौदा एकर एकत्र आहे तोंवर घर एकत्र आहे.” मला उत्तर सुचेना, कारण ही भीति माझ्याहि मनांत होती, नुसती बोलून दाखविली नव्हती एवढेंच.

उत्तर आत्यानें दिलें. ती विसाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली ती कायमची. ती अंधारांतून म्हणाली, “माझें नांव त्यांच्याकडेहि नव्हतें आणि इकडेहि नव्हतें. तुम्हीं मला चांगलें ठेवलेंत, माझी तक्रार नाहीं. पण ठेवलेलें माणूस आणि राहणारें माणूस ह्यांत फरक असतो, बाळा.”

दुसऱ्या दिवशीं त्यानें काहीं न बोलतां कागद काढले. तरी कन्येची संमति, जुने दाखले आणि आमची पूर्वापार सवय ह्यांत २०२५ चा उन्हाळा उजाडला. वहिनींचें व कन्येचें नांव लागल्यावर अर्ज गेला, आणि यथाकाळ पूर्वसंमति आली. वर्ष गेलें त्यांतून अनपेक्षित लाभ एक झाला : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर बारा टक्क्यांवरून पांच टक्के झाला. उरलेल्या रकमेसाठीं आम्ही भाऊ पैसे देऊं लागलों, तेव्हां वहिनींनीं निम्मेच घेतले. बाकीचें कर्ज स्वतःच्या नांवें काढलें.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, ट्रॅक्टर दारीं आला. चोवीस अश्वशक्तीचा, चारहि चाकांना गति असलेला. कोणत्या कारखान्याचा तें लिहीत नाहीं, जाहिरात होईल. आनंदाचे दिवस ते नव्हते. त्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यानें हातीं आलेलें सोयाबीन शेतांतच सडविलें. आमचेंहि अर्धेंअधिक गेलें. तिफण, खुरपें, विळा आणि ट्रॅक्टर ह्यांची पूजा एकाच हळदीकुंकवानें झाली. म्हातारा बैल गोठ्यांतून पाहत होता. त्याच्याहि कपाळीं वहिनींनीं कुंकू लावलें.

मग हरभऱ्याची पेरणी आली. रान अजून ओलें होतें, आणि मोठे जड ट्रॅक्टर चिखलांत रुततील म्हणून बांधावरच थांबलेले. वहिनींनीं महिनाभर शिकवणी घेतली होती. साडी सोडून त्यांनीं पंजाबी पोशाख केला. फिरत्या दांड्यांत पदर अडकून अपघात होतात हें त्यांना ठाऊक होतें, आणि दांड्यावरील संरक्षक नळी बसविल्याशिवाय त्यांनीं यंत्र घेतलेंच नव्हतें. आत्या पोशाखाला नांवें ठेवील असें मला वाटलें होतें. ती म्हणाली, “डोक्याला रुमाल बांध, ऊन आहे.”

माळाकडचें हलकें रान प्रथम वाफशावर आलें. त्याच दिवशीं, दुसऱ्या कोणाच्या नंबराची वाट न पाहतां, वहिनींनीं तें पेरलें. ओळी थोड्या वांकड्या गेल्या. मीं बांधावरून तसें ओरडून सांगितलें, तेव्हां त्यांनीं यंत्र थांबविलें आणि म्हणाल्या, “असूं द्या भावजी, पुढच्या वर्षीं सरळ येतील.”

आमच्यासारख्या अनेक घरांतून गांवाकडचें शेत कोणीतरी वहिनी, कोणीतरी काकू सांभाळीत असेल. तेथें ट्रॅक्टर घेण्याचें निघालें, तर किती अश्वशक्तीचा हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु त्याआधीं एकदां सातबारा काढून वाचावा, अशी माझी वाचकांना विनंति आहे. आम्हांला तो वाचायला आठ वर्षें लागलीं.