जनता कॉलनीचा पत्ता

१७ मे
जिल्हा बाल संरक्षण कक्षातली मुलगी सकाळीच घरी आली. माझी नोकरी संपली, तरी ट्रॉम्बेतल्या गल्ल्या माहीत असलेला म्हणून कक्षातली ही मुलं मला विचारतात. तान्हेपणी परदेशात दत्तक गेलेल्या, आता पन्नाशीतल्या एका बाईंनी जन्मदात्या आईच्या शोधासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, म्हणजे कारामार्फत, अर्ज केलाय. फायलीत आईचा पत्ता : जनता कॉलनी. पोरीला तो नकाशात सापडेना. सापडणार कुठून? १९७६ साली याच तारखेला, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्रासाठी ती अख्खी वस्ती पाडली आणि माणसं चिता कॅम्पात आणून टाकली. पण जुने शेजारी बरेचसे एकत्रच आले. पत्ता गेला, तरी विचारायला माणसं आहेत.

१९ मे
फाईल पुन्हा वाचली. मूल सोपवल्याच्या कागदावर इंग्रजी मजकूर आणि खाली आईचा अंगठा. कोणी तो तिला वाचून दाखवला का, याची नोंद नाही. मला हा अंगठा बघवत नाही. परदेशी दत्तकासाठी सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले ते १९८४ साली, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात. आज मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचाराला दोन महिने तरी मिळतात. हिला काय मिळालं असेल?

असा शोध किती लांबतो! पुण्याहून १९७३ साली जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले आपल्याच कागदपत्रांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. आई भेटली २०१० साली. तेव्हा त्यांची चाळिशी जवळ आली होती.

२३ मे
चिता कॅम्पात दिवसभर फिरलो. मुलाचा विषय काढला नाही. जुन्या कॉलनीतलं कोण कोण आहे, एवढंच विचारत गेलो. नियमाप्रमाणे त्रयस्थाला असा शोध घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी फक्त वाट दाखवायची, नाव सोबत आलेल्या कक्षातल्या मुलीने विचारायचं. संध्याकाळी तिने नाव विचारल्यावर एका आजींनी ओळखलं. "ती होय? लग्न होऊन पनवेलकडे गेली." मूल लग्नाआधीचं. घरी कुणाला ठाऊक असेल, नसेल. यापुढे मी जायचं नाही.

२ जून
कक्षातली मुलगी पनवेलला जाऊन आली. जन्मदात्या आई असलेल्या बाई एकट्या असताना त्यांच्याशी बोलली. त्या आधी नाहीच म्हणाल्या, मग बराच वेळ रडल्या. भेट नको, नाव कळवू नका. उठताना विचारलं, "शिकली का गं ती?"

नियम असा की आईने नकार दिला, तर तिची ओळख द्यायची नाही. पण मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते मुलाला सांगायचं. तेवढं पत्र जाईल. लेकीला ते अपुरं वाटेल, मलाही वाटतं. तरीही या बाईंच्या दाराशी पुन्हा कुणी जाऊ नये. पन्नास वर्षांपूर्वी तिला कुणी विचारलं नसेल, तर आता विचारल्यावर तिचं उत्तर तरी मानलं पाहिजे.

५ जून
एक गोष्ट मनातून जात नाही. शोधाचा अर्ज दत्तक गेलेल्या मुलाने करायचा, अशीच नियमांची रचना आहे. उद्या पनवेलच्या बाईंचं मन बदललं, तर त्यांनी कुठे जायचं? दत्तक संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे : जुनी एकही फाईल रद्दीत घालू नका. सही घेताना आईला तिच्या भाषेत वाचून दाखवा. आणि ती बऱ्याच वर्षांनी परत आली, तर तिचा निरोप लिहून घेऊन त्याच फायलीत लावा.