प्लेटलेट्स, बाबा आणि दुधाचा हिशेब

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. बाबांनी दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. "तो बिचारा प्रामाणिक, परत घेऊन आला. पण तुझ्या बाबांना आठवतच नाही रे!" आता आमचे बाबा म्हणजे बँकेत ३४ वर्षं कॅशियर. हिशेबात चार आण्याचा फरक आला तर रात्री झोपायचे नाहीत. शिवाय आजीची शेवटची पाच वर्षं आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. पोटात गोळाच आला.

सॉफ्टवेअरवाला माणूस घाबरला की काय करतो? वाचत सुटतो. शनिवारची रात्र त्यातच गेली.

आपल्याला प्लेटलेट्स आठवतात त्या डेंग्यू झाल्यावर. "किती झाल्या? वाढतायत ना?" एवढाच संबंध. पण या पेशी मोठ्या मजेशीर आहेत. त्यांना केंद्रक नसतं, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं, आणि तरी काही बाबतींत त्या मेंदूतल्या पेशींसारख्या वागतात. सेरोटोनिन साठवून ठेवतात. अल्झायमरमध्ये मेंदूत ज्या बीटा-अमायलॉइडचे थर साचतात, ते ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं, ते प्रथिन प्लेटलेट्समध्येही असतं. कापणारी एन्झाइम्सही असतात!

म्हणजे बघा, प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावायची परवानगी नाही, तर आपण लॉग वाचतो. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही, तर रक्त बघा. १९८० च्या दशकात बऱ्याच संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या प्लेटलेट्समध्ये एमएओ-बी नावाच्या एन्झाइमची क्रिया वाढलेली दिसली. पुढे बीटा-सिक्रेटेज या कापणाऱ्या एन्झाइमचीही मोजणी झाली.

मग ही टेस्ट कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये का मिळत नाही? कारण लॉगमध्ये कचरा फार. एमएओ-बी सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये कमी होतं. शिवाय रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत मिसळतात. गटाची सरासरी वेगळी असते हो, पण समोर बसलेला एक माणूस कुठल्या गटातला, हे कसं सांगणार?

जरा गणित करू. समजा टेस्ट ९० टक्के अचूक आहे, आणि १००० म्हाताऱ्यांपैकी ५० जणांना खरंच आजार आहे. टेस्ट त्यातले ४५ पकडेल. पण उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही "पॉझिटिव्ह" म्हणेल. म्हणजे घाबरून घरी गेलेल्या १४० जणांत खरे रुग्ण ४५! हापिसात असले फॉल्स अलार्म आपण म्यूट करतो. इथे तो अलार्म कोणाच्या तरी बाबांचा असतो.

शेवटी बाजी मारली ती दुसऱ्याच रेणूंनी. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अल्झायमरसाठी पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. ती प्लाझ्मामधल्या पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइडचं गुणोत्तर मोजते. आणि तीसुद्धा लक्षणं असलेल्या, ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी. सरसकट सगळ्यांची चाळणी करायला नाही.

असो. हे सगळं ज्ञान घेऊन मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझं भाषण शांतपणे ऐकलं आणि लिहून दिलं काय, तर बी-१२ आणि थायरॉइड. "आधी जे बरं होतं ते तपासू या," म्हणाले. बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत.

सुधारणा? थोडी आहे. पुरेशी आहे का, ते डॉक्टर तीन महिन्यांनी बघणार आहेत. काल फोनवर मी सहज विचारल्यासारखं केलं, "बाबा, दुधाचं बिल किती आलं?" ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "परीक्षा घेतोस होय रे माझी?"

आकडा मात्र बरोबर सांगितला. आणि मी तो आईला विचारून पडताळून पाहिला, याची मला अजून लाज वाटतेय.