पाखरांच्या गावी सासूबाई

थंडी पडली की आपणा बायकांची कामं कशी दुप्पट होतात, नाही? डिंकाचे लाडू, तिळाची तयारी, शिवाय गोधड्या उन्हात टाकायच्या नि काढायच्या. त्यात आठवड्यातून तीन दिवस माझी शाळा. त्यामुळे "रविवारी पहाटे पाचला निघायचं, पक्षी बघायला!" असं ह्यांनी जाहीर केलं, तेव्हा मी हातातलं लाटणंच खाली ठेवलं. मनात मात्र ठरवून टाकलं, जायचं तर आईंना घेऊनच.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून त्यांनी उंबरा म्हणून ओलांडला नव्हता. भजन सुटलं, भाजी निवडतानाच्या गप्पा सुटल्या. "मला मेलीला काय करायचेत पक्षी?" असं म्हणत का होईना, त्या गाडीत बसल्या, हेच पुष्कळ झालं!

नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, मधे बेटं उभी राहिली, पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसानच. पण पाखरांना खाणं नि आसरा आयताच मिळाला. १९८६ साली इथं अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

चापडगावला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. बरोबर गावातलाच एक तरुण गाईड घेतला. त्यानं टेलिस्कोप लावला नि म्हणाला, "आजी, आधी तुम्ही बघा." पाण्यात काळे पक्षी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा.

"वारकरी," तो म्हणाला.

"आम्ही चांदवा म्हणायचो याला," आई एकदम बोलल्या. "माझं माहेर गोदाकाठचंच."

मी नि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काय, लांब गुलाबी पायांचे शेकाटे झाले, जांभळ्या पाणकोंबड्या झाल्या. चपट्या चोचीनं पाणी गाळून खाणारा, थेट उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेला थापट्याही झाला. आई टेलिस्कोप सोडीनात! नातवालासुद्धा रांगेत उभं राहावं लागलं.

ऊन वर आलं तशी चक्रवाकांची जोडी दिसली. नारिंगी, तुळतुळीत. लडाख-तिबेटाकडून येतात म्हणे. मादीचा चेहरा जास्त पांढुरका, एवढाच काय तो फरक. बी.ए.ला संस्कृत काव्यात मी यांचा विरह वाचला होता, रात्र झाली की दोघांची ताटातूट. प्रत्यक्षात ही जोडी एकमेकांना सोडून हलत नव्हती. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "आणि यातला एक गेला, तर दुसरा काय करतो रे?"

गाईड क्षणभर थांबला. "तोही थव्यातच असतो, आजी."

आई काही बोलल्या नाहीत. पण झाडाखाली डबा उघडला, तेव्हा त्यांनी आपणहून दुसरं थालीपीठ मागून घेतलं. परतताना गाडीत माहेरच्या नदीच्या गोष्टी निफाड येईतो संपल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी भजनाची पिशवी खुंटीवरून खाली आली. मी मुद्दामच काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उजाडता उजाडता पोचा, भडक रंगाची साडी नको, शाल नि टोपी हवीच. कोरडं खाणं न्या आणि कचरा परत आणा. मुलांना आधीच बजावा, ओरडायचं नाही. आणि घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, तर "त्यांना कुठे झेपणार?" असं आपणच ठरवून टाकू नका. गाडीत एक जागा त्यांच्यासाठी ठेवा.